सहावा हिस्सा

वॉशिंग्टन, डी. सी.
१७ सप्टेंबर २००५

राजीव,

'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' हा मायना या पत्रात नाही. तो विसरलेला नाही, वगळला आहे. कारण शेवटी कळेल. त्याआधी वस्तुस्थिती, ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने.

एक. मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते ते शॉ वस्तीतले घर १९४४ साली लिअँडर पेटिफर्ड यांनी विकत घेतले. ते कृष्णवर्णीय होते आणि रेल्वेच्या शयनयानात गोऱ्या प्रवाशांची अंथरुणे घालत. शहराच्या बहुतेक भागांत त्यांच्या लोकांना घर विकत नसत, इथे विकत.

दोन. लिअँडर १९५३ साली मृत्युपत्र न करता वारले. मुले सहा. घर आजही कागदावर त्यांच्याच नावाने आहे. सहांपैकी हयात एकच: माझ्या घरमालकीण मिस ओडेसा, वय एक्याऐंशी. चाळीस वर्षे त्यांनी याच वस्तीतल्या शाळेत मुलांना वाचायला शिकवले. पिकल्या केसांची माणसेही त्यांना 'मिस ओडेसा' म्हणूनच हाक मारतात.

तीन. १९६८च्या दंगलीत इथून दोन गल्ल्यांवरची दुकाने जळाली. बँकांनी या भागाला कर्ज देणे थांबवले, विमा कंपन्यांनी विमे रद्द केले. पुढे मेट्रोसाठी दाराबाहेर कित्येक वर्षे खड्डा होता. या सगळ्या काळात मिस ओडेसांनी कर भरला, छप्पर दोनदा बदलले, पायऱ्या रोज झाडल्या. आपला हिस्सा मागायला कोणीही आले नाही.

चार. १९७९ साली मी विद्यापीठाच्या अभिलेखागारात नोकरीला लागले आणि इथे भाडेकरू म्हणून आले. १९९६च्या डिसेंबरात तू पुण्याहून एक सूटकेस घेऊन आलास, तोही याच दारात. पाच आठवडे राहिलास. तू शाकाहारी म्हणून मिस ओडेसांनी पालेभाजी डुकराचे हाड न घालता शिजवली. त्यांच्या आयुष्यात तसे प्रथमच घडले असावे. तू कुडकुडत होतास म्हणून त्यांनी आपल्या वारलेल्या भावाचा, रेमंडचा, लोकरी कोट तुला दिला. तुझा त्या कोटातला फोटो माझ्याकडे आहे.

पाच. गेल्या पाच वर्षांत या वस्तीत श्रीमंत आणि बहुतांशी गोरी मंडळी राहायला येत आहेत. घरांच्या किमती चौपट झाल्या, त्यामागून कर. 'तुमचे घर रोखीने घेतो' अशी कार्डे आठवड्याला तीन येतात. मिस ओडेसा त्यांच्या मागच्या बाजूवर किराण्याची यादी लिहितात.

सहा. २६ ऑगस्टला न्यायालयाचे कागद आले. रेमंडचा नातू टेरेल डेट्रॉइटला असतो. एका कंपनीने त्याचा सहावा हिस्सा विकत घेतला आहे. घराचे सहा तुकडे करता येत नाहीत, सबब संपूर्ण घर विकावे, अशी तिची मागणी आहे. सुनावणी ५ डिसेंबरला आहे.

सात. कंपनीचे नाव वाघजाई प्रॉपर्टीज. पत्ता तुझ्या ॲशबर्नची एक टपालपेटी.

मिस ओडेसांनी (पीएच.डी.मुळे त्या मला डॉक्टर म्हणतात) कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुला तर सगळं वाचता येतं. हा कुठला शब्द गं?" मला सांगावे लागले की ही आमच्या गावच्या डोंगरावरची देवी. आमची कुलस्वामिनी. माझी आजी तिची खणानारळाने ओटी भरायची.

प्रश्न दोन. पहिला: ही कंपनी तुझी आहे काय? दुसरा: टेरेलचा ठावठिकाणा तुला कोणी दिला? त्याने बारा वर्षे घरच्यांना पत्र धाडलेले नाही. गेल्या वर्षी पेटिफर्डांच्या कुलमेळाव्यासाठी मी त्यांचा सहा फुटी वंशवृक्ष काढला, जो तूच तुझ्या ऑफिसच्या मोठ्या यंत्रावर छापून दिलास. तेव्हा तीन आठवडे दप्तरे धुंडाळून मी टेरेलचा पत्ता मिळवला. वृक्षावर फक्त नावे आणि साले आहेत. पत्त्याच्या प्रती दोनच: एक माझ्याकडे, दुसरी निमंत्रणे धाडणाऱ्या लॉरेनकडे, म्हणजे मिस ओडेसांच्या भाचीकडे.

फोन करू नकोस. उत्तर लेखी हवे.

उत्तरा


ॲशबर्न
२५ सप्टेंबर २००५

ती. आत्यास सा. न.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हाताने लिहितोय. दहा वर्षांत चेकवर सही सोडून काही लिहिलं नाहीये, अक्षर चालवून घे.

हो, वाघजाई माझी आहे. माझी आणि ऑफिसमधल्या दोघा मित्रांची. लपवायचं असतं तर हे नाव ठेवलं असतं का? चांगलं काम सुरू करताना देवीचं नाव घ्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

टेरेलवर कुणी जबरदस्ती केलेली नाही. त्याला अकरा हजार डॉलर दिले, त्याने ट्रकचं डाउन पेमेंट केलं, मला थँक्यू म्हणाला. आयुष्यात पाहिलंही नाही त्या घराचे त्याला पैसे मिळाले. ॲड्रेसचं काय घेऊन बसलीस? अगं, हल्ली सगळं पब्लिक रेकॉर्ड असतं. इंटरनेटवर वीस डॉलर भरले की कुणीही सापडतं.

मिस ओडेसाचं नुकसान होणार नाही. उलट फायदाच आहे. मार्केट रेटने घर विकलं जाईल, तिला तिचा वाटा मिळेल. या वयात तिनं ते जिने कशाला चढायचे? मेरीलँडला लिफ्टवाली सिनियर अपार्टमेंट्स आहेत, मी स्वतः ड्राइव्ह करून दाखवायला नेईन. आणि मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करणारच आहे. निदान मी ओळखीचा. हे सगळं मी तुला नीट भेटून सांगणारच होतो, पण वकिलाने आधीच फाइल करून टाकलं.

तुझी सोय पण बघितली आहे. आमचं बेसमेंट फिनिश झालंय, वेगळं बाथरूम आहे. आसावरी म्हणते आत्यांनी आता इकडेच यावं. ईशानला मराठी शिकव, तो मला सगळं इंग्लिशमध्येच उत्तर देतो.

आता दुसरं. पुण्याचा बंगला बिल्डरला द्यायचं फायनल झालंय. आईला त्यातच लिफ्टवाला फ्लॅट मिळेल. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. दिवाळीच्या आत वकिलातीत जाऊन सही करून पाठव, बिल्डर घाई करतोय. नुसती सही आहे, फॉर्मॅलिटी.

रागावू नकोस गं.

तुझा,
राजीव


वॉशिंग्टन, डी. सी.
२ ऑक्टोबर २००५

राजीव,

तुझे पत्र लाल शाईने तपासून परत पाठवण्याचा मोह आवरला. चुका अक्षराच्या असत्या तर पाठवलेही असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. 'ओळखीचा' हा शब्द तू स्वतःच्या बचावासाठी वापरला आहेस. ज्याने या घरात जेवण केले तोच हे घर मोडतो, ही तुझ्या मते सवलत आहे.

दुसरे उत्तर खोटे आहे. मी तुझे वीस डॉलर भरून पाहिले. टेरेल आपल्या आईचे आडनाव लावतो. 'टेरेल पेटिफर्ड' नावाचा माणूस तुझ्या इंटरनेटवर अस्तित्वातच नाही. ते आडनाव मला, आणि माझ्यामुळे लॉरेनला, एवढ्या दोघींनाच ठाऊक होते. तेव्हा निष्कर्ष एकच उरतो. लॉरेनने पत्ता विकला. मी तिला बुधवारी पत्र लिहिले. शब्द निवडून लिहिले, पण सौम्य केले नाहीत.

आज रविवार. लॉरेन दर रविवारी मेरीलँडहून गाडी घेऊन येते आणि मावशीला चर्चला नेते. या वस्तीतून बाहेर जावे लागलेली शेकडो माणसे रविवारी अशीच परत येतात; चर्चपाशी एकीला लागून दुसरी गाडी उभी करतात, पन्नास वर्षांचा रिवाज आहे. नव्या रहिवाशांनी त्याविरुद्ध महापालिकेकडे तक्रार केली आहे. त्यांच्या गाड्या अडकतात.

आज लॉरेन आली नाही. मिस ओडेसा सकाळी नऊपासून जांभळी टोपी घालून, पर्स मांडीवर ठेवून, पुढच्या खोलीत बसल्या होत्या. मी म्हटले, "मी टॅक्सी बोलावते." त्या म्हणाल्या, "टॅक्सीनं पाहुणे जातात." बारा वाजता त्यांनी टोपी काढली. मी लॉरेनला काय लिहिले ते त्यांना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "लॉरेन? माझी लॉरेन?"

दुपारी समोरच्या इमारतीतला तरुण कुत्र्याला फिरवत पायरीशी थांबला आणि म्हणाला, "आज तुमच्या दारासमोरचा रस्ता किती मोकळा आहे नाही!" त्याला मी जे उत्तर दिले ते व्याकरणशुद्ध होते.

हे सगळे तुझ्यामुळे आणि त्या विश्वासघातकी बाईमुळे. तिला तू किती पैसे दिलेस, तेही कळव. उत्तर लेखी.

हक्कसोडपत्र मी अजून वाचलेले नाही. 'नुसती सही' या शब्दांशी मी नंतर येईन.

उत्तरा


ॲशबर्न
९ ऑक्टोबर २००५

आत्या,

त्या लॉरेनला सोड. मी तिला कधी भेटलेलोही नाही. हे मी सांगणार नव्हतो, तुला त्रास होईल म्हणून. पण तू आता भलत्याच बाईला छळायला निघाली आहेस.

ॲड्रेस तू दिलास.

वंशवृक्ष छापायला मला सीडी दिली होतीस ना? तिच्यात एकच फाइल असायला हवी होती. होत्या एकतीस. तुझं सगळं कच्चं काम. सहाही शाखांचे वारस, कोण हयात आहे, कुणी आडनाव बदललंय, राहतो कुठे, फोन नंबर. शेवटच्या रकान्यात तुझे शेरे. टेरेलपुढे लिहिलं होतंस, 'कुटुंबाशी संबंध नाही. नोकरी अस्थिर. घराच्या मालकीविषयी पूर्ण अनभिज्ञ.' आत्या, आमच्या धंद्यात एवढी माहिती मिळवायला लोक महिनाभर माणूस लावतात. तू अनुक्रमणिकेसकट दिलीस.

आणि आता बोलतोच आहे तर बोलतो. घर मेलेल्या माणसाच्या नावावर आहे हे सव्वीस वर्षं कुणाला माहीत होतं? तुला. १९४४चं खरेदीखत तू मला पांढरे हातमोजे घालून दाखवलं होतंस. "शाई बघ, अक्षर बघ!" त्या बाईला एकदा तरी म्हणालीस का, की वकिलाकडे जा, नाव बदलून घे? कागद तुला सुंदर वाटला, बस. मी नाही, कुणीही येऊन हेच केलं असतं, कारण दार उघडं होतं आणि तुला ते दिसत होतं.

मी एक सूटकेस घेऊन आलो या देशात. मला कुणी काही फुकट दिलं नाही. इथे सगळे घरं घेतायत, विकतायत, माझा बॉससुद्धा. मीच काय तो राक्षस? तू तिथे भाडं किती देतेस, ते पण लिही एकदा. या किमतीत वॉशिंग्टनमध्ये गॅरेज मिळत नाही. तुझा राग नक्की कुणासाठी आहे?

सहीचं बघ. बिल्डरचा दोनदा फोन येऊन गेला. आईला तरी यात ओढू नकोस.

राजीव


वॉशिंग्टन, डी. सी.
२९ ऑक्टोबर २००५

राजीव,

वीस दिवस उत्तर दिले नाही, कारण आधी काही कामे करायची होती. ती झाली. पुन्हा क्रमाने लिहिते.

सीडीची माझ्याकडची प्रत तपासली. फायली एकतीस नव्हेत, बत्तीस. एरवी तू लिहिलेस ते खरे आहे. जी बाई इतरांच्या दप्तरातला चुकीचा स्वल्पविराम सोडत नाही, तिने एका कुटुंबाची नाडी तुझ्या हातात दिली, आणि दोष दुसरीवर ठेवला. खरेदीखताविषयीही तू खरे लिहिलेस. मी त्या कागदाला वाळवी लागू दिली नाही. तुला लागू दिले.

१३ ऑक्टोबरला खाली जाऊन मिस ओडेसांना सर्व सांगितले. तुझी दोन्ही पत्रे इंग्रजीत वाचून दाखवली, एकही वाक्य मऊ न करता, माझीही. त्यांनी ऐकून घेतले. मग उठल्या, भिंतीवरचा वंशवृक्ष काढला आणि त्याची चौघडी घातली. माझ्या तोंडून निघून गेले, "त्याला घडी घालू नये, कागद चिरतो."

त्या म्हणाल्या, "डॉक्टर. आत्ता नको."

त्यानंतर नऊ दिवस जिन्यात फक्त पावलांचे आवाज होते.

मधल्या काळात मी लॉरेनकडे गेले. दोन बस बदलून मेरीलँडला गेले आणि तिच्या दारात उभी राहून माफी मागितली. तिने मला आत घेतले नाही. ती म्हणाली, "तुमच्या पत्रात तुम्ही मला 'विक्रेती' म्हटलंत. मी शब्दकोश काढून बघितला, अजून काही अर्थ निघतो का म्हणून." मग ती म्हणाली, "मावशीला सांगा, रविवारी साडेनऊला येते. टोपी घालून ठेवायला सांगा." गेल्या रविवारी ती आली. मला मागे बसवले. ते योग्यच होते.

चर्चहून परतल्यावर मिस ओडेसा आपण होऊन बोलल्या. तू लिहिले होतेस, मला कुणी काही फुकट दिले नाही. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला विचार, रेमंडचा कोट कितीला घेतला होतास?" ज्याच्या नातवाचा हिस्सा तू घेतलास त्या माणसाच्या कोटात तुझा या देशातला पहिला हिवाळा गेला. फोटोची प्रत सोबत आहे. मागे तारीख घातली आहे.

माझ्या भाड्याबद्दल. ते कमी आहे. मिस ओडेसांनी वाढवले नाही आणि मी वाढवा म्हटले नाही, ही माझी लाज आहे; ती मी पहिल्या तारखेपासून दुरुस्त करते आहे. पण राग भाड्यासाठी असता तर मी तुझ्या तळघरात येऊन ईशानला बाराखडी शिकवत बसले असते.

आता 'नुसती सही'.

तुझ्या पहिल्या पत्रासोबतचा मसुदा मी वाचला. बंगल्याचे प्रॉपर्टी कार्ड अजून माझ्या वडिलांच्या नावावर आहे. ते १९८४ साली मृत्युपत्र न करता गेले. अपत्ये दोन: तुझे दिवंगत वडील आणि मी. याचा अर्थ त्या बंगल्याचा अर्धा भाग एकवीस वर्षे माझा आहे. मी तो कधी मागितला नाही. तू आणि बिल्डरने तो विचारातही घेतला नाही, कारण आपल्या घरांत बहीण सही करते आणि साडी घेते. जूनमध्ये आसावरी पैठणी घेऊन आली होती. कशाबद्दल, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, "असंच, आत्या." मी प्रेमाने नेसले. ती धुऊन, इस्त्री करून याच पार्सलात परत पाठवत आहे.

वसुधावहिनींना फोन केला. तू त्यांना यात ओढू नकोस म्हणालास. त्यांच्या नावाने मसुदा तूच केला आहेस. त्या म्हणाल्या, "राजीव लिफ्ट लिफ्ट करतो गं. मला कुणी विचारलं, पारिजातकाचं काय करायचं?" हे वाक्य मी तुझ्या माहितीसाठी जसेच्या तसे देते.

मी सही करणार नाही.

एका वारसाची सही नसली म्हणजे संपूर्ण घराचे काय होते, हे तुला शिकवण्याची गरज नाही. त्या विद्येवर तू कंपनी काढली आहेस. बिल्डरला सांग, खुशाल वाटणीचा दावा लाव. मात्र इथे सुनावणी तीन महिन्यांत लागते. पुण्यात तू निवृत्त होशील, ईशान पुढच्या तारखांना जाईल.

माझी अट एकच आहे. वाघजाई प्रॉपर्टीजने टेरेलचा सहावा हिस्सा मिस ओडेसा पेटिफर्ड यांच्या नावे करून द्यावा आणि ५ डिसेंबरच्या आत दावा काढून घ्यावा. टेरेलला दिलेले अकरा हजार डॉलर मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरते. वर एक सेंटही नाही. नोंद झालेली प्रत माझ्या हातात पडली की त्याच दिवशी मी वकिलातीत जाईन, वहिनींची इच्छा लेखी विचारीन, आणि त्या म्हणतील तशीच सही करीन. तोवर नाही. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, प्रकृती उत्तम आहे, आणि कागद सांभाळणे हा माझा व्यवसाय होता.

उरलेल्या पाच शाखांच्या वारसांची कागदपत्रे मी आणि लॉरेन दर शनिवारी मिस ओडेसांच्या जेवणाच्या टेबलावर लावतो आहोत. वकील ठरला आहे. सव्वीस वर्षांपूर्वी करायचे काम आता चालू आहे. त्या टेबलावर माझ्या शेऱ्यांचा रकाना नाही. लॉरेनने तो कात्रीने कापला.

येत्या मंगळवारी दिवाळी आहे. तू आलास तर दार मिस ओडेसा उघडतील, कारण दार त्यांचे आहे. कोट घालून ये किंवा घेऊन ये, तुझे तू ठरव.

या पत्राचे उत्तर मला लिहू नकोस. ते मिस ओडेसा पेटिफर्ड यांच्या नावाने, इंग्रजीत, तुझ्या हाताने, तुझ्या पूर्ण सहीनिशी लिही. घर त्यांना परत देतोस की नाही, एवढेच त्यांना विचारायचे आहे. चाळीस वर्षे मुलांचे हस्ताक्षर वाचले आहे त्यांनी, तुझेही वाचतील. ३० नोव्हेंबरपर्यंत. लेखी.

उत्तरा